जो बोलावेल त्याने विचारायचं

शनिवार, ९ नोव्हेंबर २००२, प्लेनो, टेक्सस

आज सकाळी आमच्या बाथरूममध्ये पुन्हा एक ससा मेला.

मरताना ससा जो आवाज काढतो तो शशी हुबेहूब काढतो. बाथरूममध्ये फरशीमुळे तो चांगला घुमतो, म्हणून ससा तिथेच मरायला जातो. शेजारच्या मिसेस पॅटर्सन कुंपणावरून विचारत होत्या, "तुमचं बाळ बरं आहे ना?" माझं बाळ एकोणीस वर्षांचं आहे आणि ऑस्टिनला कॉलेजात आहे. आत किंचाळतोय तो तिचा बाप, हे कसं सांगू?

शशी एप्रिलपासून घरी आहे. त्याच्या टेलिफोन कंपनीने एका मंगळवारी अख्खा मजला घरी पाठवला. त्यात माझा नवरा आणि त्याच्या शेजारच्या क्युबिकलमधला डेल. दोघं आपापली खोकी घेऊन एकाच लिफ्टने खाली आले. पहिला महिनाभर शशीने घर आवरलं. मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली, इस्त्रीची वायर दुरुस्त केली, गराज झाडून काढलं. मग आवरायला काही उरलं नाही, तेव्हा गप्प बसला. तसा तो आधीही फार बोलका नव्हता, पण निदान 'मीठ दे' म्हणायचा. ऑगस्टपासून मीठसुद्धा उठून स्वतः घ्यायला लागला.

ऑक्टोबरात डेल त्याला पहाटे उचलून घेऊन गेला. कायोटीच्या शिकारीला. कायोटी म्हणजे कोल्हा आणि लांडगा या दोघांनी मिळून काहीतरी करायला घेतलं आणि अर्धवट सोडलं, असं जनावर. कोंबड्या, करडं, कुणाची मांजरं, सगळं खातं. शिकारी झुडपात लपून जखमी सशाचा आवाज काढतो, कायोटीला वाटतं फराळ तयार आहे, तो येतो, आणि मग बंदूक. डेलची शिट्टी थंडीत बिघडली. शशीने तळहात तोंडाशी धरला आणि ससा झाला. दोन कायोटी धावत आले. डेल म्हणाला, तीस वर्षांत असं ऐकलं नाही.

साताऱ्याला शाळेत असताना तो मांजर, घुबड, हेडमास्तर, सगळ्यांचे आवाज काढायचा म्हणे. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, मला हे माहीतच नव्हतं. असं कसं कधी सांगितलं नाही याने?

त्या दिवशी गुडघ्याला चिखल लावून आला आणि जेवताना आपणहून बोलत सुटला. मी मध्ये एकदाच काहीतरी म्हटलं, तेव्हा थांबला.

"पण तू मारणार?" मी विचारलं. आमच्या घरात झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात.

"मी फक्त बोलावतो. मारतो डेल."

म्हणजे पापातही पार्टनरशिप. असो. माणूस बोलतोय तर ससे मरोत.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

अडचण निघाली. डेल ज्या माळावर जायचा तो विकला गेला. तिथे घरं होणार, आणि त्या कॉलनीला म्हणे 'कायोटी क्रीक' असं नाव देणार. ज्याला हाकलायचं त्याचंच नाव फाटकावर लावायचं, ही बिल्डरांची श्रद्धांजली वाहण्याची पद्धत.

आता नवी जागा हवी. ती उत्तरेला, बॉनमच्या बाजूला, जिथे अजून गुरं आहेत आणि बिल्डर पोचलेले नाहीत. पण टेक्ससमध्ये प्रत्येक झुडपाला मालक असतो. त्या मालकाच्या दारावर जाऊन, टोपी हातात घेऊन, 'तुमच्या रानात शिकार करू का?' असं विचारावं लागतं. मालक हो म्हणाला तर जायचं. लायसन्स शशीने काढलं आहे. एकाहत्तरच्या आधी जन्मलेल्यांना शिकारीचा कोर्ससुद्धा करावा लागत नाही. नोकरी गेल्यापासून वयाचा फायदा झाला तो एवढाच.

डेल तिकडे तीनचार दारांवर जाऊन आला. सव्वासहा फूट उंची, दाढी, पानाफुलांचे छापील कपडे. त्याच्या तोंडावर दार लावलं नसतं तर मला मालकांचीच काळजी वाटली असती. आणि जानेवारीच्या शेवटी तो तुलसाला चालला आहे, नवी नोकरी मिळाली त्याला. तोवर जागा मिळाली नाही तर शशीचा ससा कायमचा बाथरूममध्येच राहणार.

डेल म्हणतो, तू विचार. तुझा चेहरा डॉक्टरसारखा आहे. शिवाय आमच्याकडे नियमच आहे, जो बोलावेल त्याने विचारायचं.

इथेच सगळं अडतं. शशीला विचारता येत नाही. दुकानात वस्तू सापडली नाही तर तो ती वस्तू न घेता परत येतो. टॉवर पडले त्या सप्टेंबरनंतर तर अनोळखी माणसाशी बोलायला तो आणखीच कचरतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. पण राजीव काही अनोळखी नाही. राजीवला यानेच पहिली दोन वर्षं हाताला धरून शिकवलं. तो आता इथल्याच एका कंपनीत मॅनेजर आहे, त्याच्याकडे जागा निघतात. एक फोन कर म्हणून मी एप्रिलपासून सांगतेय. नाष्ट्याला सांगते, जेवताना सांगते, गाडीत सांगते. ढिम्म हलत नाही. "त्याला कशाला अवघडवायचं," एवढंच.

मी म्हटलं, जमिनीचं माझ्यावर सोड. मी विचारते.


रविवार, १७ नोव्हेंबर

सोडायला नको होतं, असं काही मी म्हणणार नाही. पण आजचा दिवस काही फार गौरवाचा नव्हता.

मी रीतसर अर्ज टाइप केला होता. विषय, महोदय, आपला नम्र, सगळं. सोबत शशीच्या लायसन्सची झेरॉक्स, डेलच्या लायसन्सची झेरॉक्स, आणि आमच्या दातांच्या डॉक्टरांकडून, म्हणजे माझ्या साहेबांकडून, शशीच्या सद्वर्तनाचा दाखला. हे सगळं पारदर्शक फोल्डरमध्ये. आपल्याकडे तहसीलदारसुद्धा खूश झाला असता.

पहिल्या घरच्या म्हाताऱ्याने फोल्डर बघितलं आणि ते हातातच घेतलं नाही. "तुमच्या वकिलाला सांगा, पाइपलाइनला मी इंचभर जमीन देणार नाही," म्हणाला आणि दार लावलं.

दुसऱ्या घरी मी फोल्डर गाडीत ठेवलं आणि तोंडी समजावलं. कायोटीमुळे होणारं नुकसान, आमची पार्श्वभूमी, डेलचा अनुभव, सगळं मुद्देसूद. तो मनुष्य दाराला टेकून ऐकत होता. मग शशीकडे बघून म्हणाला, "आणि तुमचं काय म्हणणं आहे, सर?"

मी म्हटलं, "त्यांचंही हेच म्हणणं आहे."

तो नाही म्हणाला. का ते कळलं नाही.

परत येताना शशीने रेडिओ लावला. मी बोलायला लागले तर आवाज जरा वाढवला. बटण नादुरुस्त झालं असावं.


सोमवार, १८ नोव्हेंबर

ऑस्टिनहून निधीचा फोन. सगळी हकिगत सांगितली. पोरगी हसून हसून लोळली, मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "आई, यू नेव्हर लेट हिम फिनिश."

काय फिनिश? मुळात सुरू तरी करतो का तो? कॉलेजात सायकॉलॉजी घेतलंय, त्याचा हा खर्च.


शनिवार, ३० नोव्हेंबर

आज एक दार उघडलं. पण मी ते लांबून पाहिलं.

डेलला कुणीतरी सांगितलं होतं की तिकडे मिसेस टकर म्हणून एक विधवा बाई राहते, शेळ्या पाळते, आणि दर वर्षी तिची करडं कायोटी नेतात. तिला 'मिस वर्नेल' म्हणायचं. इथे म्हाताऱ्या बायकांना असंच, नावाआधी मिस लावून बोलावतात, आदराने. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही म्हणून मी दिवाळीचा उरलेला चिवडा स्टीलच्या डब्यात भरून घेतला.

फाटकातून आत गेलो आणि गाडी थांबवली, तर माझ्या दाराशी वासराएवढा कुत्रा. दोन पाय काचेवर, आणि माझ्याकडे अशी नजर की गुन्हा सिद्ध झालाच आहे. त्याचं नाव जज, हे नंतर कळलं. शशी त्याच्या बाजूने उतरला तर जजने त्याची पँट हुंगली आणि परत माझ्या खिडकीशी येऊन बसला.

शशी डबा घेऊन वर गेला. आणि ओसरीवर चढताना त्याने बूट काढले! दुसऱ्याच्या दारात सवयीने काढतो तसे, जोडीने, भिंतीकडे टाचा करून. ही टेक्ससची ओसरी आहे रे, इथे लोक झोपतातसुद्धा बूट घालून! मी काच ठोठावली. जज भुंकला. तेवढ्यात दार उघडलं आणि पांढऱ्या केसांची, काटकुळी, पुरुषी शर्ट घातलेली बाई बाहेर आली. तिने आधी त्याच्या मोज्यांकडे बघितलं. मग डब्याकडे. मग बाजूला होऊन त्याला आत घेतलं.

मी गाडीत. हीटर लावून, बंद करून, पुन्हा लावून. एका शेळीने माझ्याकडे बघत सबंध झुडूप संपवलं.

तासाभराने आला. हातात अक्रोडासारख्या पिकन्सची बरणी. एका पायात बूट. दुसरा बूट जजने कुठेतरी नेला होता.

"विचारलंस?"

"विषय निघाला नाही."

"तासभर काय बोलत होता मग?"

"तिच्या नवऱ्याबद्दल. तोही ओसरीवरच बूट काढायचा. चिखलाचे."

"आणि तो कुत्रा बांधून ठेवायला का नाही सांगितलंस तिला?"

"विचारलं नाही," म्हणाला आणि गाडी सुरू केली. एका बुटावर सबंध रस्ता गाडी चालवली, आणि हलकेच शीळ घालत होता.


शनिवार, ७ डिसेंबर

बरणी परत द्यायची होती. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून बेसनाचे लाडू भरले. तो गेला, बूट काढले, आत. मी आणि जज, एकमेकांकडे बघत. परत आला तो माझा स्टीलचा डबा घेऊन. त्यात अंडी, गवतात गुंडाळलेली. सगळ्या जगात भांडं रिकामं परत न देणारी दुसरी बाई होती, ती नेमकी याला सापडावी.

"विचारलंस?"

"आज तिच्या पायाचं दुखत होतं. बरं दिसलं नसतं."

घरी येऊन मी तालीम घेतली. मी वर्नेल झाले, तो शशीच राहिला. "मिस वर्नेल," तो म्हणाला, "मला असं विचारायचं होतं की..." मी म्हटलं, ताठ उभा राहा. "मिस वर्नेल, मला..." मी म्हटलं, आधी कायोटीचा विषय काढ. "मिस वर्नेल, तुमच्या शेळ्या..." मी म्हटलं, एवढ्या हळू आवाजात कुणाला ऐकू येणार? सातआठ वेळा करून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "राहू दे, शैल."

आज बाथरूममध्ये काही आवाज झाला नाही.


रविवार, १५ डिसेंबर

फार लागलंय आजचं. सावकाश लिहिते.

आम्ही अंड्यांच्या बदल्यात करंज्या घेऊन गेलो होतो. शशी आत. मी गाडीत इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी विनोदी सदर लिहीत होते, तर शेरीफच्या डेप्युटीची गाडी फाटकातून आत आली. गुबगुबीत मुलगा, निधीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा. हात कमरेपाशी.

"मॅडम, इथे काय काम?"

मी पहिल्यापासून सांगितलं. नोकरी, डेल, ससा, फोल्डर, चिवडा. तो ऐकत होता. ससा आल्यापासून त्याला काही कळत नसावं. माझं संपल्यावर म्हणाला, "आणि तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

"आत. तासभर झाला. मोज्यांवर."

तो ओसरीवर गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला तेव्हा तोंडात करंजी होती आणि हात कमरेवर नव्हता. माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला, "मिस वर्नेल म्हणतात, तुम्ही चांगली माणसं आहात. जागा घेताय ना त्यांची?"

"जागा? कुठली जागा?"

"ही. त्या तर म्हणाल्या, प्लेनोहून जोडपं येतं जागा बघायला, फार सभ्य आहेत, अजून किंमत बोलले नाहीत."

त्याची गाडी गेली तरी मी खिडकी खालीच ठेवली होती. 

तर हे असं. आपण घरात शिरल्या शिरल्या कामाचं बोलत नाही. आधी चहा, मग तब्येत, मग मुलंबाळं, आणि उठताना दारात, चपला घालता घालता, 'अगं हो, एक सांगायचं राहिलं.' इथे दारात उभं राहूनच काम सांगतात. दर आठवड्याला मोठ्या गाडीतून येणारा, खाऊ आणणारा आणि काही न मागणारा माणूस वर्नेलने एकाच प्रकारचा पाहिला असणार. तो प्रकार कागदावर सही घेतो.

शशीला वाटेत सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

"तिला वाटलं मी तिचं घर गिळायला येतोय," तो म्हणाला. "आणि तरी तिने मला अंडी दिली."

मी म्हटलं, मी उद्याच फोन करून तिला सगळं स्पष्ट...

"नको."

एवढंच. पण असा 'नको' मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.


गुरुवार, १९ डिसेंबर

फोन केला. कामावरून केला, जेवणाच्या सुट्टीत. शशीला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

वर्नेलचा आवाज तारेवर वाळत घातलेल्या कापडासारखा, कडक आणि स्वच्छ. मी सुरुवात केली, "मिस वर्नेल, मी शशीची बायको, गाडीतली..." आणि पुढे पाचएक वाक्यं बोलले असेन. ती म्हणाली, "हनी, तो आजारी आहे का?"

"नाही."

"मग त्याला जे सांगायचंय ते तो येऊन सांगेल. मी सबंध हिवाळा इथेच आहे." आणि थोडं थांबून, "तुमच्या त्या अर्धचंद्रासारख्या खाऊत काय घालता?"

मी म्हटलं, खोबरं. तिने 'हं' केलं आणि फोन ठेवला.

माझ्याशी असं आजवर फक्त माझ्या सासूबाई बोलल्या आहेत. त्यांच्यापुढेही माझं काही चालायचं नाही. आवडली मला बाई.


बुधवार, १ जानेवारी २००३

शशी जात नाही म्हणतो. डेल येऊन बसून गेला. जाताना आपली शिट्टी टेबलावर ठेवून गेला. दुरुस्त करून आणली होती म्हणे, शशीसाठी. सोमवारपासून सामान बांधायला घेणार आहे.

मंडळात आज रत्ना सगळ्यांसमोर म्हणाली, "शैलजा, तुमचे मिस्टर हल्ली दिसत नाहीत?" मी म्हटलं, "शेतीचं बघतात." हशा पिकला. घरी आल्यावर तो विनोद मला मुळीच आवडला नाही.


शनिवार, ४ जानेवारी

पंधरा तारखेला वर्नेलने दिलेला काळा, खोलगट बिडाचा तवा आमच्याकडेच होता. त्यात मक्याचा पाव होता, तो केव्हाच संपला. तवा ओट्यावर. शशी येताजाता त्याच्याकडे बघायचा. दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून घेणं त्याला जमत नाही. त्याची आई गेली तेव्हासुद्धा दुसऱ्या दिवशी शेजारचं पातेलं घासून परत करून आला होता.

आज सकाळी स्वतः उठून त्याने शिरा केला. रवा जरा कमीच भाजला होता, पण तवा काठोकाठ भरला. मी काही बोलले नाही. म्हणजे रव्याबद्दल एकदाच बोलले.

"चल," म्हणाला.

थंडी कडक होती, गवतावर पांढरा थर. जज ठरल्याप्रमाणे माझ्या खिडकीशी. शशी पायऱ्या चढला, बूट काढले, पण आत गेला नाही. वर्नेल दारात. त्याने तवा तिच्या हातात दिला, टोपी काढली, दोन्ही हातांत धरली, आणि बोलायला लागला.

काच बंद होती. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. एवढा वेळ काय बोलत होता कोण जाणे. हात हलत होते. एकदा त्याने रस्त्याकडे बोट केलं, एकदा गाडीकडे, म्हणजे माझ्याकडे, आणि वर्नेल हसली. मग तो बराच वेळ खाली बघून बोलला आणि तिचं हसू गेलं. तिने तवा कठड्यावर ठेवला. तोंड उघडलं, पण त्याचं संपलं नव्हतं म्हणून मिटलं. थांबली. उभीच होती ती, म्हातारे पाय, थंडी, शिरा निवतोय, आणि नुसती थांबली होती.

मग त्याने टोपी काखेत धरली, तळहात तोंडाशी नेला आणि ससा झाला.

तो मात्र बंद काचेतूनही ऐकू आला. घरात ऐकते तो नव्हेच. मोकळ्यावर तो आवाज केवढा होतो! सगळ्या शेळ्यांनी एकदम माना वर केल्या. जज माझं दार सोडून ओढ्याकडे पळत सुटला. आणि ओढ्याच्या पलीकडून, भर सकाळी, एक कायोटी उत्तर म्हणून ओरडला. वर्नेलने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

कुत्रा गेला होता. मला उतरता आलं असतं. माझा हात दाराच्या खटक्यावर होता. विचारायचं काय, कसं, हे सगळं मला पाठ होतं, आणि इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा वाट मोकळी होती.

नाही उतरले. फार थंडी होती.

तो परत आला तेव्हा दोन्ही पायांत बूट होते. आणि हातात, बागेत कुठेतरी पुरलेला सापडलेला, तो पहिल्या दिवशी जजने पळवलेला बूट.

"ती म्हणाली, एवढंच होय? मी थँक्सगिव्हिंगपासून रोज आरशासमोर 'नाही' म्हणायचा सराव करतेय. एवढ्या चांगल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, या काळजीने झोप गेली माझी."

"मग?"

"हो म्हणाली. फाटकं लावून घ्यायची, गोठ्याच्या दिशेने बंदूक धरायची नाही. फेब्रुवारीत शेळ्या वितात, त्याआधी या म्हणाली." गाडी रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "आणि शिऱ्याचा रवा कच्चा आहे म्हणाली."

तिने तरी सांगितलं!


शनिवार, २५ जानेवारी

शेवटचं लिहून ठेवते, कारण उद्या डेल जातोय.

आज मीही गेले होते. वर्नेलचा निरोपच होता, "गाडीतल्या बाईला घेऊन ये, जजला मी आत कोंडते." पहाटे तिच्या स्वयंपाकघरात तिघांना कॉफी मिळाली. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो, हातात तोच काळा तवा. माझ्या करंज्यांतली शेवटची एक तिने बशीत जपून ठेवली होती. खात नव्हती, बघत होती म्हणे कशी दुमडली ते.

डेलने मला नियम सांगितले. हलायचं नाही, खोकायचं नाही, आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही. जनावर आधी ऐकतं, मग दिसतं. आवाज करायची मुभा फक्त बोलावणाऱ्याला. डेलने हे सांगताना शशीकडे बघितलं, आणि शशीने बुटांकडे.

काटेरी झाडाखाली, ओल्या गवतात, मी त्या दोघांच्या मधे. शशीने शिट्टी खिशातच ठेवली. हात तोंडाशी नेला. बोलावलं, थांबला. पुन्हा बोलावलं. त्याचा चेहरा मी इतक्या जवळून, इतका वेळ, गप्प बसून कधी बघितला होता, आठवत नाही. कानामागे पांढरे केस आलेत. डोळे अगदी शाळकरी पोरासारखे.

कायोटी आला. राखाडी, पायांवर तांबूस, कुणी बघत नाही अशा समजुतीने चालणाऱ्या माणसासारखा. डेलने गोळी झाडली. एकच. तो पडला, हलला नाही. मला वाटलं होतं आपण डोळे मिटू, पण मिटले नाहीत. शशीने टोपी काढली आणि थोडा वेळ तशीच हातात धरली. डेलनेही काढली. त्याबद्दल मला जे वाटलं ते मंडळाच्या अंकात लिहिण्यासारखं नाही, इथेही नाही लिहीत.

मग ओढ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. तिथे काहीच आलं नाही. ऊन वर आलं, शेळ्या बाहेर पडल्या, वर्नेल लांबून, डोळ्यांवर हात धरून, आमच्याकडे बघत होती. शशीने आणखी एकदा बोलावलं. नुसता वारा. मग तो माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला,

"सोमवारी राजीवला फोन करतो."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. सकाळी कर, दुपारी तो मीटिंगमध्ये असतो. आधी त्याच्या मुलाची चौकशी कर. रेझ्युमे मी नीट करून ठेवलाय, दुसऱ्या पानावर एक चूक होती ती काढली. आणि एप्रिलपासून मी सांगत होते तेव्हा...

तो थांबला होता. मग म्हणाला, "सरळ विचारणार आहे. मला काम हवंय, असं."

डेल गवतात तोंड घालून पडला होता, हसत होता की काय, पाठ हलत होती.

मी एक शब्द बोलले नाही. नियम होता.